रबराचे राज्य आणि मिशनऱ्यांची साक्ष

काँगो नदीच्या खोऱ्यात प्रॉटेस्टंट मिशनरी १८७८ पासून यायला लागले. इंग्लंड, स्वीडन आणि अमेरिका इथल्या मंडळ्यांनी त्यांना पाठवले तेव्हा त्यांच्या सामानात बायबल होते, क्विनाइन होते, सुतारकामाची हत्यारे आणि छापखान्याचे खिळे होते, आणि त्याबरोबर एक ठाम समजूतही होती. तिथला माणूस गरीब आहे, कारण तो अडाणी आहे, भुताखेतांना भितो, आळशी आहे आणि अरब गुलाम-व्यापाऱ्यांच्या तावडीत सापडला आहे, अशी ती समजूत. मायदेशी वर्गणी गोळा व्हायची तीही याच वर्णनावर. पंचवीस-एक वर्षांनी त्याच मिशनऱ्यांपैकी काही जण इंग्लंड-अमेरिकेतल्या सभागृहांत उभे राहून वेगळेच सांगू लागले. काँगोतली उपासमार मूळची नाही, ती तयार केली जाते आहे; ती तयार करणारा गुलाम-व्यापारी नाही, तर ब्रुसेल्समध्ये बसलेला एक ख्रिस्ती राजा आहे; आणि याच राजाच्या परोपकाराचे गोडवे आमच्या मिशनांनी इतकी वर्षे गायले आहेत, असे ते सांगत होते. एका समजुतीपासून दुसऱ्या कबुलीपर्यंतचा हा प्रवास या संग्रहाच्या पुढच्या पानांतल्या पत्रांत, अहवालांत आणि जबान्यांत दिसतो. तो सरळ झालेला नाही आणि सगळ्यांनी केलेलाही नाही.

मराठी वाचकाच्या मनात मिशनरी म्हटले की दोन चित्रे उभी राहतात. एक मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलचे, अहमदनगरच्या शाळांचे, केडगावच्या मुक्ती मिशनचे. दुसरे धर्मांतराच्या वादाचे. दोन्ही चित्रांत मिशनरी काहीतरी देणारा आहे. कौतुक करणारा त्या देण्याला सेवा म्हणतो, संशय घेणारा त्यालाच आमिष म्हणतो, आणि वाद तिथेच फिरत राहतो. काँगोच्या प्रकरणात मिशनऱ्याचे जे काम टिकले ते देण्याचे नव्हतेच. ते मोजण्याचे आणि लिहून ठेवण्याचे होते. माझे म्हणणे थोडक्यात असे : गरिबी डोळ्यांना दिसते, शोषण मात्र हिशेबात दिसते. पोट खपाटीला गेलेले मूल पाहून कोणाचेही काळीज हलेल. पण त्या मुलाच्या बापाने पंधरवड्यात काय दिले, बदल्यात त्याला काय मिळाले आणि मधला फरक कोणाच्या खिशात गेला, हे मांडल्याशिवाय ते मूल उपाशी का, हे कळत नाही. मिशनऱ्यांची करुणा जोवर औषधपाण्यापुरती आणि अनाथांपुरती राहिली तोवर राजवटीला तिचा त्रास झाला नाही, उलट उपयोगच झाला. तिने मोजायला सुरुवात केली तेव्हा राजवट बिथरली.

हिशेब कशाचा होता ते आधी पाहू. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेच्या सुमारास बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या ‘काँगो फ्री स्टेट’ला युरोप-अमेरिकेची मान्यता मिळाली. हा प्रदेश बेल्जियमची वसाहत नव्हता. तो राजाच्या खासगी मालकीचा होता, बेल्जियमच्या सत्तर-पंचाहत्तर पट मोठा, आणि राजाने तिथे कधी पाऊल ठेवले नाही. अटी होत्या मुक्त व्यापाराच्या, गुलामगिरी निर्मूलनाच्या आणि धर्मप्रचाराला मोकळीक देण्याच्या. १८८८ मध्ये डनलॉपचा हवा भरलेला टायर आला, सायकली आणि पुढे मोटारी वाढल्या, रबराचे भाव चढले. काँगोच्या जंगलात रबराच्या रानवेली अमाप होत्या. १८९१-९२ च्या सुमाराच्या फर्मानांनी ‘रिकाम्या’ जमिनी आणि त्यांवरचे उत्पन्न सरकारचे किंवा सरकारने मक्ता दिलेल्या कंपन्यांचे ठरवले. रिकामी म्हणजे घर आणि पेरलेले शेत सोडून बाकी सगळी. ज्या जंगलात माणसे पिढ्यान्‌पिढ्या शिकार करत होती, मध, मुळे, लाकूड आणत होती, तेही त्यातच आले. म्हणजे आपल्याच रानातले रबर परक्या व्यापाऱ्याला विकले तर ती चोरी. या मक्तेदार कंपन्यांत सर्वांत कुप्रसिद्ध ठरलेली ‘अँग्लो-बेल्जियन इंडिया रबर कंपनी’, अर्थात अबीर. (नावातला ‘इंडिया’ पाहून दचकायला नको, रबराला त्या काळी इंग्रजीत इंडिया-रबरच म्हणत.)

अबीरच्या हद्दीत प्रत्येक प्रौढ पुरुषामागे पंधरवड्याला तीन ते चार किलो सुके रबर असा वाटा ठरलेला असे. गावाजवळच्या वेली वर्षा-दोन वर्षांत संपत, मग माणूस रोज अधिक आत जाई. वेलीला चीर द्यायची, चीक धरायचा, तो सुकवण्यासाठी पुष्कळदा स्वतःच्याच दंडावर, छातीवर लेपायचा आणि घट्ट झाला की सोलून काढायचा, अंगावरच्या केसांसकट. महिन्यातले बहुतेक दिवस यात जात. मग मनिओकचे शेत कोणी करायचे, जाळी कोणी टाकायची, गळके छप्पर कोणी शाकारायचे? पुरुष पळून जाऊ नयेत म्हणून बायकांना ठाण्यावर ओलीस ठेवत, म्हणजे शेतावरचे उरलेसुरले हातही गेले. रबर कमी भरले तर पाणघोड्याच्या कातड्याचा चाबूक, ज्याला शिकोट म्हणत. त्यानेही भागले नाही तर गावावर बंदूकधारी. शिपायांनी काडतुसे शिकारीत किंवा स्वतःच्या बंडासाठी उडवू नयेत म्हणून अधिकारी दर काडतुसामागे पुरावा मागत, आणि तो पुरावा म्हणजे मारलेल्या माणसाचा उजवा हात. काडतूस वाया गेले की शिपाई जिवंत माणसाचा हात आणून भरपाई करी. इतके नेमके व्यवस्थापन असलेल्या मुलखात माणसे उपाशी होती, तापाने आणि निद्रारोगाने मरत होती, गावे ओस पडत होती. नदीतून बोटीने जाणाऱ्या नव्या पाहुण्याला मात्र दिसायची ती मोडकी झोपडी, रान माजलेले शेत आणि पडलेल्या चेहऱ्याची माणसे. त्याच्या सामानातल्या जुन्या समजुतीत हे चित्र अगदी चपखल बसायचे.

म्हणून पहिल्या दहा-पंधरा वर्षांतली मिशनऱ्यांची शांतता केवळ भित्रेपणाची नव्हती, तशी ती निष्पापही नव्हती. मिशनचे नवे ठाणे कुठे उभारायचे ते सरकारच्या परवानगीवर. टपाल, शिधा, आजारी माणूस हे सारे सरकारी वाटेने. राजकारणात पडू नये अशी मायदेशाची ताकीद. शिवाय लिओपोल्डने आपल्याला दार उघडून दिले ही कृतज्ञता. १८९५-९६ मध्ये मर्फी या अमेरिकी आणि शब्लोम या स्वीडिश मिशनऱ्याने रबराच्या मुलखातले कापलेले हात वर्तमानपत्रांपर्यंत नेले, तेव्हा राजाने फार हुशारीने उत्तर दिले. त्याने ‘देशी लोकांच्या संरक्षणासाठी’ एक आयोग नेमला आणि त्यावर सहा मिशनरीच बसवले, तीन कॅथलिक आणि तीन प्रॉटेस्टंट. सदस्य राहत होते रबराच्या मुलखापासून शेकडो मैल दूर आणि एकमेकांपासूनही लांब. आयोगाच्या बैठका जवळजवळ झाल्याच नाहीत. बॅप्टिस्ट मिशनचा जॉर्ज ग्रेनफेल हा त्यांतला एक. नदीचे नकाशे काढणारा, स्थानिक भाषा जाणणारा, प्रामाणिक म्हणून गणला गेलेला माणूस; पण राजाचा शब्द खोटा आहे हे मान्य करायला त्याला वर्षे लागली. त्याहून गंभीर गोष्ट ‘अनाथां’ची. सरकारने मुलांच्या वसाहती काढल्या, त्या कॅथलिक मिशनांकडे सोपवल्या, आणि स्वाऱ्यांत ज्यांचे आईबाप मारले गेले किंवा ज्यांना आईबापांपासून हिसकावले अशी मुले तिथे भरती केली. त्यांतले मुलगे पुढे शिपाई व्हायचे होते. इथे दया शोषणाच्या यंत्राचेच एक चाक झाली होती. जेझुइटांच्या शेत-प्रार्थनामंदिरांवर, म्हणजे मुलांना शेतीकामाला लावणाऱ्या त्यांच्या केंद्रांवर, पुढे राजाच्याच चौकशी आयोगाने ताशेरे ओढले. मिशनऱ्यांच्या साक्षी संग्रहित करताना हा भाग झाकणे म्हणजे त्या साक्षींचे मोल कमी करणे होय.

आता मोजणीकडे. अमेरिकेच्या दक्षिणेतून, जिथे काळ्या-गोऱ्यांनी एका बाकावर बसणेही चालत नसे तिथून, विल्यम शेपर्ड हा कृष्णवर्णीय प्रेस्बिटेरियन मिशनरी १८९० मध्ये काँगोत आला आणि कसाई भागात लुएबो इथे स्थिरावला. कुबा राजधानीपर्यंत पोहोचलेला तो पहिला परका; तिथली विणलेली कापडे, कोरीव पेले, न्यायनिवाड्याची रीत यांबद्दल त्याने आदराने लिहिले. जुनी समजूत मोडायला यातूनच सुरुवात झाली असे मला वाटते, कारण ज्याने नांदते गाव पाहिले आहे त्यालाच उजाड गावाचे कारण विचारावेसे वाटते. १८९९ मध्ये राजवटीच्या वतीने कर वसूल करणाऱ्या झाप्पो झाप टोळीच्या छावणीत तो गेला. तिथे विस्तवावर धुराने सुकवायला ठेवलेले उजवे हात होते. त्याने ते मोजले : एक्याऐंशी. ‘पुष्कळ’ असे लिहून त्याला पुढे जाता आले असते. पण सरकारी अधिकाऱ्याला मोजून दाखवण्यासाठीच टोळीनेही ते ठेवलेले होते, आणि त्याच आकड्याने शेपर्डचा अहवाल अमेरिकेत आणि युरोपात फिरला. १९०८ मध्ये त्याने कसाईतल्या रबर कंपनीविरुद्ध मिशनच्या छोट्याशा पत्रात लेख लिहिला आणि कंपनीने बदनामीचा खटला भरला. त्याच्या बाजूने उभा राहायला बेल्जियमहून आला तो एमिल वांडरवेल्ड, समाजवादी पुढारी, चर्चशी काडीचा संबंध नसलेला. १९०९ मध्ये शेपर्ड निर्दोष सुटला.

मोजणीचे दुसरे उदाहरण लुकोलेला या नदीकाठच्या गावाचे. ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट १९०३ मध्ये आत चौकशीला निघाला तेव्हा त्याने सरकारी बोट घेतली नाही, अमेरिकी बॅप्टिस्ट मिशनची भाड्याने घेतली, आणि मुक्काम करत गेला तोही मुख्यतः मिशनच्या ठाण्यांवर. लुकोलेला त्याने १८८७ मध्ये पाहिले होते तेव्हा वस्ती पाच हजारांची होती. आता माणसे मोजली तर सहाशेहूनही कमी. निद्रारोग हे एक कारण होते आणि केसमेंट ते लपवत नाही. पण अन्न नसलेल्या आणि पळून पळून दमलेल्या माणसाला रोग लवकर गाठतो, हेही तो मांडतो. त्याचा अहवाल १९०४ मध्ये छापताना परराष्ट्र खात्याने माणसांची व गावांची नावे काढून तिथे अक्षरे घातली. साक्षीदारांना सूडापासून वाचवायचे, हा हेतू असेल. पण नाव गेले की साक्ष निम्मी होते. केसमेंट संतापला आणि त्याचा संताप योग्य होता.

नावे परत आणली बारिंगाच्या ठाण्याने. काँगो बलोलो मिशनचे जॉन आणि ॲलिस हॅरिस १८९८ मध्ये काँगोत आले. बारिंगा अबीरच्या ऐन हद्दीत. १४ मे १९०४ रोजी वाला गावचा न्साला ठाण्यावर आला. गावाने रबराचा वाटा पुरा केला नाही म्हणून कंपनीच्या पहारेकऱ्यांनी हल्ला केला होता आणि त्याची पाच वर्षांची मुलगी बोआली मारली गेली होती. तिचा एक हात आणि एक पाऊल त्याने पानात गुंडाळून आणले होते. ॲलिस हॅरिस यांनी ओट्याच्या कडेला बसलेल्या, समोरच्या त्या अवशेषांकडे पाहणाऱ्या न्सालाचे छायाचित्र घेतले. पुढच्या काही वर्षांत ते आणि अशी इतर चित्रे काचपट्ट्यांवरून पडद्यावर मोठी करून इंग्लंड-अमेरिकेतल्या शेकडो सभांत दाखवली गेली. या छायाचित्राबद्दल इतके लिहिले गेले आहे की त्याच वर्षीच्या डिसेंबरात बारिंगालाच घडलेली दुसरी गोष्ट मागे पडते. दबावाखाली राजाने नेमलेल्या तीन न्यायाधीशांच्या चौकशी आयोगापुढे बोलिमाचा प्रमुख लोंतुलू उभा राहिला. त्याने येताना काटक्या आणल्या होत्या, एकशे दहा. रबरापायी मारल्या गेलेल्या आपल्या प्रत्येक माणसामागे एक काटकी. त्याने टेबलावर त्यांचे चार ढीग केले : गावचे मानकरी, पुरुष, बायका, मुले. मग एकेक काटकी उचलून एकेकाचे नाव घेतले. कंपनीने काडतुसे आणि हात मोजले होते, शेपर्डने हात मोजले. लोंतुलूने माणसे मोजली. साक्ष म्हणून मला हा प्रसंग छायाचित्रापेक्षा वरचा वाटतो, कारण इथे लेखनिक आणि दुभाषी मिशनच्या ओळखीचे असतील, पण हिशेब पूर्णपणे ज्याचा गेला त्याचा आहे.

छायाचित्राची एक उणीव इथेच सांगायला हवी. न्सालाच्या चित्रात काळा बाप आहे, मृत काळी मुलगी आहे. हात कापणाऱ्याची कल्पना केली तर तोही काळा पहारेकरी. वाटा ठरवणारा गोरा एजंट, त्याला रबरावर मिळणारे कमिशन, ॲन्टवर्पचा भागधारक यांतले कोणीही चौकटीत येत नाही. असे चित्र एकटे पाहिले तर पाहणारा ‘रानटी लोकांत शांतता नांदावी’ म्हणून मिशनला आणखी चार शिलिंग देऊन घरी जाईल, जुनी समजूत शाबूत ठेवून. ती मोडण्यासाठी दुसरे टोक लागते, आणि ते एका जहाज कंपनीच्या कारकुनाने पुरवले. लिव्हरपूलच्या एल्डर डेम्पस्टर कंपनीचा ई. डी. मोरेल कामानिमित्त ॲन्टवर्पला जाई आणि तिथल्या मालाच्या याद्या पाही. काँगोहून येणारी जहाजे रबर आणि हस्तिदंताने भरलेली; परत जाताना त्यांत मुख्यतः बंदुका, दारूगोळा आणि अधिकारी. इतक्या किमतीचा माल येतो आणि त्याच्या मोबदल्यात काहीच जात नाही, तर तो माल विकत घेतला जात नाही. घरबसल्या, एकही काँगोवासी न भेटता, त्याने सक्तीची मजुरी वजाबाकीने सिद्ध केली. १९०१ मध्ये नोकरी सोडली आणि १९०४ मध्ये काँगो रिफॉर्म असोसिएशन काढली. मोरेलच्या वहीतली मधली जागा मिशनऱ्यांच्या पत्रांनी भरली आणि मिशनऱ्यांच्या दुःखाला मोरेलच्या वहीने पत्ता दिला. यातले एक जरी नसते तरी १९०८ मध्ये बेल्जियमच्या संसदेने हा मुलूख राजाकडून काढून घेतला असता, असे मला वाटत नाही.

यावर सर्वांत जुना आक्षेप लिओपोल्डच्याच वृत्तपत्रांनी घेतला : हे प्रॉटेस्टंट आहेत, कॅथलिक राजाने त्यांना नव्या जागा नाकारल्या म्हणून त्यांची ओरड चालली आहे, त्यांच्यामागे लिव्हरपूलचे व्यापारी आहेत, ज्यांना काँगोचा बाजार हवा आहे. यातला तपशील खोटा नाही. जागा नाकारल्या गेल्या होत्या, आणि लिव्हरपूलच्या काही व्यापाऱ्यांचा मोरेलला पाठिंबा होता, पैशासकट. पण साक्षीदाराला स्वार्थ असणे आणि साक्ष खोटी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कोणत्याही तालुका कोर्टातला वकील हे सांगेल. स्वार्थ असेल तर साक्ष अधिक कडक तपासावी, आणि ती तपासली गेली. राजाने स्वतः निवडलेल्या आयोगात एक बेल्जियन, एक इटालियन आणि एक स्विस असे तिघे होते, प्रॉटेस्टंट मिशनांशी संबंध नसलेले. १९०५ च्या त्यांच्या अहवालाने ओलीस ठेवणे, चाबूक, पहारेकऱ्यांचे खून हे मुख्य आरोप मान्य केले. १९०६ मध्ये आर्थर व्हर्मीर्श या बेल्जियन जेझुइट धर्मशास्त्रज्ञाने राजवटीवर कठोर पुस्तक लिहिले. कॅथलिक, देशभक्त आणि राजाशी काही वाकडे नसलेला माणूस त्याच निष्कर्षाला येतो, तेव्हा पंथाचा आक्षेप उरत नाही.

धर्मांतराचा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि आपल्याकडचा वाचक तो घेणारच. मिशनरी काँगोत गेले होते बाप्तिस्मा द्यायला. तिथल्या देवदेवतांना, नाचगाण्यांना, लग्नाच्या रीतींना त्यांनी तुच्छ लेखले. शोषणाविरुद्ध बोलले तेही पुष्कळदा ‘यामुळे सुवार्तेचे काम अडते’ या सुरात. हे सगळे कबूल. फक्त एक गोष्ट विसरली जाते : ठाण्यावर येणारा माणूस केवळ घेणारा नव्हता. न्साला अवशेष घेऊन आला तो मिशनच्या ठाण्यावर. ज्याचा शब्द नदीच्या मुखापलीकडे जाऊ शकतो असे जवळचे एकच दार त्याला ठाऊक होते. त्याने त्या दाराचा उपयोग केला. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांकडून जे घ्यायचे ते घेतले आणि ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनऱ्याचा हेतू आणि त्याच्याकडे येणाऱ्याचा हेतू एकच असतो असे मानणे म्हणजे येणाऱ्याला अक्कल नाही असे म्हणणे. बारिंगाला साक्ष द्यायला दूरदूरच्या गावांतून लोक आले ते जिवावर उदार होऊन. त्यांच्यातल्या किती जणांनी बाप्तिस्मा घेतला, यावरून त्यांची साक्ष मोजता येत नाही.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सर्वांत जड वाटतो : एवढे करून बदलले काय? हात कापणे थांबले, ओलिसांच्या कोठड्या हळूहळू बंद झाल्या. हे थोडे नाही. पण जमीन परत मिळाली नाही, सक्तीची मजुरी कराच्या रूपाने चालू राहिली. १९११ मध्ये सनलाइट साबणाचा मालक विल्यम लीव्हर याला ताडतेलासाठी प्रचंड मक्ते मिळाले. ज्या मोरेलने रबराची वही उलगडली त्यानेच लीव्हरचे स्वागत केले, आणि लीव्हरव्हिल नाव दिलेल्या त्या मुलखात घोस तोडण्यासाठी माणसे पुन्हा जबरीने भरती होऊ लागली. नदीपलीकडच्या फ्रेंच काँगोत तर तशीच मक्तेदारी चालू होती आणि तिच्याविरुद्ध लंडनमध्ये तेवढा गदारोळ कधी झाला नाही. याचे कारण, माझ्या मते, असे की मिशनऱ्यांनी हिशेब एकाच माणसाच्या नावे मांडला. लिओपोल्ड लबाड निघाला, तो गेला, खाते बंद. वसाहतीचा सगळा व्यवहारच असा आहे, हे म्हणायला ते तयार नव्हते. ते स्वतः साम्राज्याचे नागरिक होते आणि हॅरिस पतिपत्नींना ब्रिटिश राज्य हा चांगुलपणाचा नमुना वाटत होता. बळींची संख्याही अजून वादात आहे, कारण त्या काळी जनगणनाच नव्हती. पुढे केलेले अंदाज काही लाखांपासून एक कोटीपर्यंत जातात. आयोगापुढच्या जबान्या तर राजाने छापूच दिल्या नाहीत. त्या ब्रुसेल्सच्या दप्तरात कित्येक दशके संशोधकांना बंद राहिल्या. लोंतुलूच्या काटक्यांची हकिकत जगाला त्या वेळी कळली ती मिशनऱ्यांनी जागेवरच टिपून ठेवली म्हणून.

मिशनऱ्यांच्या दृष्टीची मर्यादा १९२१ मध्ये पूर्ण उघडी पडली. बॅप्टिस्ट मिशनचाच शिष्य सिमॉन किंबांगू एन्काम्बा या गावी उपदेश करू लागला, आजाऱ्यांना बरे करतो म्हणून ख्याती झाली, आणि मळ्यांतली, रेल्वेवरची कामे टाकून माणसे त्याच्याकडे धावली. काँगोच्या माणसाने स्वतःच्या तोंडाने बोलायला सुरुवात केली होती. बेल्जियन सरकारला त्यात बंडाचा वास आला. लष्करी न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. काही बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी दयेचा अर्ज केला आणि राजा आल्बर्टने शिक्षा जन्मठेपेवर आणली, पण लिओपोल्डविरुद्ध झाली तशी सभा, तसा पडदा, तशी चळवळ किंबांगूसाठी उभी राहिली नाही. तो तीस वर्षे तुरुंगात राहिला आणि १९५१ मध्ये तिथेच वारला. त्याच्या नावाची मंडळी १९६९ मध्ये जागतिक चर्च परिषदेत सामील झाली आणि आज लाखो अनुयायांची आहे. ज्या दुःखाचा बळी गप्प बसलेला असतो ते पाहणे चर्चला सोपे गेले. बळी उपदेशक होऊन उभा राहिला तेव्हा अवघड झाले.

म्हणून या संग्रहाकडे केवळ इतिहास म्हणून पाहू नये, एवढे सुचवतो. पूर्व काँगोतल्या बुकावू शहरात एका पेन्टेकोस्टल पाळकाचा मुलगा डेनिस मुक्वेगे याने १९९९ मध्ये पांझी रुग्णालय उभारले. ते त्याच्या चर्चच्या छत्राखाली चालते, आणि स्वीडिश पेन्टेकोस्टल मिशनचा त्याला जुना आधार आहे. युद्धात बलात्कार झालेल्या हजारो स्त्रियांवर तिथे शस्त्रक्रिया झाल्या. २०१८ चे नोबेल शांतता पारितोषिक स्वीकारताना मुक्वेगे केवळ जखमांबद्दल बोलला नाही. सोने, कोल्टन, कोबाल्ट ही आपल्या फोनमध्ये आणि मोटारींत असलेली खनिजे काँगोतल्या हिंसेशी कशी जोडलेली आहेत, हे त्याने ऐकणाऱ्यांना सांगितले. १९९३ ते २००३ या काळातल्या गुन्ह्यांची, ठिकाणे आणि तारखांसह, नोंद करणारा संयुक्त राष्ट्रांचा २०१० चा अहवाल खणात पडून आहे, तो बाहेर काढा, अशी मागणीही त्याने केली. त्या अहवालात घटना सहाशेहून अधिक आहेत, आरोपींची नावे मात्र जाहीर केलेली नाहीत. ती नावे उघड करून न्यायालय नेमावे म्हणून मुक्वेगे अजून फिरतो आहे.